संख्यांत रमलेले शिक्षक : द. रा. कापरेकर

एक कोडे सोडवा. ४२१३ ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करा. ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७. हीच कृती पुन्हा केल्यास ८३५२ येते व त्यानंतर ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येते! चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फार तर सात पायऱ्यांत ती ६१७४ वर येऊन थांबते.

हे नवल शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. ठाण्याच्या शाळेत असतानाच त्यांना गणिती कोड्यांचा नाद लागला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून राहिले.

मोठी पदवी नाही, हाताशी विद्यापीठ नाही. कागद आणि पेन्सिल एवढेच भांडवल! त्यावर त्यांनी संख्यांचे नवनवे गुण हुडकले. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग २० व २५ यांची बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या गावाच्या नावावरून 'डेम्लो' नाव दिले. ६१७४ चा शोध १९४६ चा.

अनेक विद्वानांनी हा पोरखेळ मानला. कापरेकर पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या केल्या. पण छंद सोडला नाही. अखेर १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते निवर्तले.

पालकांनो, आपला मुलगा वा मुलगी वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करीत बसली, तर वेळ वाया गेला म्हणून रागावू नका. शेजारी बसून उत्तर विचारा. करमाडसारख्या गावातही कागद आणि पेन्सिल मिळतेच.