नारायण मेघाजी लोखंडे आणि रविवारचा अर्थ

आंबेगाव तालुक्यातील निरगुडसर, तसेच शेजारच्या जुन्नर-खेड तालुक्यांतील गावे यांच्या लोकजीवनात रविवार हा मुळात सुट्टीचा वार नव्हे. तो खंडोबाचा वार. धामणी, निमगाव ही या टापूतील खंडोबाची ठाणी. घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कुणब्याचा हा वार भोंग्याने हिरावून घेतला. तो त्याला परत मिळवून देण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र केवळ कामगार चळवळीच्या इतिहासाचा भाग मानणे अपुरे ठरेल.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. गिरणीत भांडारपालाची नोकरी करीत असता त्यांनी कामगारांची स्थिती जवळून पाहिली. कामाचे तास सूर्याच्या उगवण्या-मावळण्यावर ठरत. उन्हाळ्यात ते साहजिकच वाढत. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा संस्कार त्यांच्यावर झाला होताच. १८८० मध्ये ‘दीनबंधु’ पत्राची धुरा त्यांनी स्वीकारली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन सिद्ध केले. साप्ताहिक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातग्रस्तांना साहाय्य या त्यातील प्रमुख मागण्या होत. त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला रीतसर सभासद वा निधी नव्हता, म्हणून तिला कामगार संघटना म्हणू नये, असा आक्षेप अभ्यासक घेतात. तो तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य आहे. परंतु २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले आणि स्त्री-कामगारही बोलल्या, ही घटना त्या आक्षेपाने पुसली जात नाही. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

येथे एक पेच उद्भवतो. कर्मकांडाचा टीकाकार असलेला सत्यशोधक खंडोबाच्या वाराचा आधार का घेतो? हे केवळ डावपेच होते, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. लोखंडे यांच्या मांडणीत सुट्टीचे प्रयोजन तिहेरी दिसते : शरीराची विश्रांती, कुलदैवताची उपासना आणि समाजकार्य. यातील तिसरे प्रयोजन विशेष लक्षणीय आहे. श्रमिकाला मिळालेला मोकळा वेळ हा त्याने इतरांसाठी काही करण्याचा वेळ आहे, हे त्यामागील गृहीतक. आज रविवार हा प्रामुख्याने खरेदीचा वार झाला आहे. विश्रांतीचा हक्क टिकला, पण आठवडाभर राबून मिळविलेले वेतन त्याच दिवशी खर्ची घालणे हीच विश्रांती ठरू लागली. मोकळा वेळ कशासाठी, हा लोखंड्यांचा प्रश्न मागे पडला, तो बहुधा मागणी मान्य झाल्यामुळेच.

त्यांनी स्वतःचा वेळ कशास दिला, हे त्यांच्या उत्तरकाळावरून कळते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी नाभिकांना संघटित केले. १८९३ च्या मुंबईतील हिंदू-मुस्लिम दंग्यानंतर सलोख्यासाठी ते वस्त्यांतून फिरले. १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादुर हा किताब दिला. पुढे मुंबईत प्लेग पसरला आणि धास्तावलेले कामगार गावाकडे परतू लागले. लोखंडे मात्र रुग्णसेवेसाठी तेथेच थांबले. त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.