पिवळ्या घराचे कुलूप



मडक्यात ठेवलेल्या सूर्यफुलांचे एक प्रसिद्ध चित्र तुम्ही कॅलेंडरवर किंवा वहीच्या पुठ्ठ्यावर पाहिले असेल. ते काढणारा व्हिन्सेंट व्हॅन गॉग माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकामुळे मराठी घरांतही ओळखीचा झाला. पण त्याच्याविषयी कुणालाही विचारा, उत्तर बहुधा एकच येते. स्वतःचा कान कापणारा तो वेडा चित्रकार! आम्ही शिक्षकही वर्गात त्याची ओळख अनेकदा अशीच करून दिली आहे. ती चूक सुधारावी म्हणून हा लेख.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी हॉलंडमधील झुंडर्ट या खेड्यात एका पाद्र्याच्या घरी झाला. सोळाव्या वर्षी तो चित्रविक्रीच्या पेढीत कामाला लागला, पण १८७६ मध्ये ती नोकरी गेली. नंतर बेल्जियममधील कोळसा खाणींच्या भागात त्याने धर्मोपदेशकाचे काम केले. अंगावरचे चांगले कपडे मजुरांना देऊन तो स्वतः त्यांच्यासारखाच राहू लागला. वरिष्ठांना हे रुचले नाही आणि तेही काम सुटले. १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. धाकटा भाऊ थिओ पुढे त्याचा खर्च चालवू लागला आणि त्याने अखेरपर्यंत हात आखडता घेतला नाही.

फेब्रुवारी १८८८ मध्ये व्हिन्सेंट दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी आला. तिथे त्याने एक पिवळे घर भाड्याने घेतले. चित्रकारांनी इथे एकत्र राहावे, काम करावे, असे त्याचे स्वप्न होते. पाहुणा म्हणून येणाऱ्या पॉल गोगँच्या खोलीत लावण्यासाठीच त्याने ती सूर्यफुले रंगवली. पण दोघांचे पटेना. २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री, भांडणानंतर, आजाराच्या झटक्यात व्हिन्सेंटने आपला कान कापला. त्याला रुग्णालयात नेण्यात आले. त्याचा आजार नेमका कोणता होता, यावर डॉक्टरांचे आजही एकमत नाही.

जानेवारीत तो बरा होऊन घरी परतला आणि लगेच रंगवू लागला. फेब्रुवारीत पुन्हा झटका आला. आता मात्र गावाने आपले मत बनवले होते. तांबड्या केसांचा वेडा, हे त्याचे नाव पडले. पोरे त्याच्या मागे लागत, कोबीचे देठ फेकून मारत. त्या पोरांपैकी एकाने म्हातारपणी या गोष्टीची लाज वाटत असल्याचे कबूल केले, पण तोवर व्हिन्सेंट केव्हाच जग सोडून गेला होता.

पोरे तर पोरे, मोठ्यांनी काय केले? सुमारे ३० रहिवाशांनी महापौरांकडे अर्ज दिला. हा माणूस धोकादायक आहे, बायकामुलांना त्याची भीती वाटते, त्याला घरी पाठवा किंवा कोंडून ठेवा, असा त्याचा आशय. पोलिसांनी घराला कुलूप ठोकले. व्हिन्सेंटला पुन्हा रुग्णालयात एकट्याला कोंडण्यात आले. आजाराने त्याला अनेकदा आडवे पाडले होते, पण त्याचे घर आजाराने घेतले नाही. ते शेजाऱ्यांच्या सह्यांनी घेतले.

याच गावात दुसऱ्या तऱ्हेची माणसेही होती, आणि आम्हाला ती अधिक महत्त्वाची वाटतात. टपाल खात्यातला जोसेफ रूलँ त्याला रुग्णालयात भेटायला जाई आणि थिओला पत्राने खुशाली कळवी. तरुण डॉक्टर फेलिक्स रे त्याच्याशी आपुलकीने वागले. साल नावाचे पाद्री त्याची विचारपूस करत राहिले. मार्चमध्ये चित्रकार पॉल सिन्याक पॅरिसहून मुद्दाम वाट वाकडी करून आला, त्याला घेऊन त्या बंद घरापाशी गेला, आणि कुलूप तोडून दोघांनी आतली चित्रे पाहिली. यांपैकी कुणी फार मोठे काम केले असे नाही. ते त्याला माणूस समजून भेटत राहिले, इतकेच.

८ मे १८८९ रोजी व्हिन्सेंट आपणहून जवळच्या सँ-रेमी गावच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. पोहोचवायला साल सोबत होते. तिथे त्याला चित्रांसाठी वेगळी खोली मिळाली. वर्षभरात त्याने सुमारे १५० चित्रे काढली. चांदण्यांनी भरलेल्या रात्रीचे जगप्रसिद्ध चित्र त्यांतलेच. वेड होते म्हणून तो थोर झाला, असेही काही लोक म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. झटका आला की आठवडेच्या आठवडे त्याचे काम बंद पडे. ती चित्रे उतरली ती बरे वाटत असलेल्या दिवसांत, कष्टाने आणि अभ्यासाने. जानेवारी १८९० मध्ये थिओला मुलगा झाला आणि त्याचे नाव व्हिन्सेंट ठेवले गेले. काकाने त्याच्यासाठी निळ्या आभाळावर बहरलेल्या बदामाच्या फांद्या रंगवल्या.

मे १८९० मध्ये तो पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी राहायला गेला. २७ जुलैला तो गोळीने जखमी झाला आणि २९ तारखेला थिओच्या सोबतीत वारला. वय अवघे ३७. त्याने आत्महत्या केली असेच बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच कारणाने गावच्या चर्चने शववाहिका नाकारली, ती शेजारच्या गावातून आणावी लागली. सहा महिन्यांत थिओही गेला. थिओची पत्नी योहाना हिने चित्रे सांभाळली, दोघा भावांची पत्रे १९१४ मध्ये छापली, आणि जगाला खरा व्हिन्सेंट दाखवला.

आता आपल्याकडे पाहू. थट्टेत आपण कुणाला ठाण्याला, कुणाला येरवड्याला, तर इकडे उत्तरेत आग्र्याला पाठवतो. वर्गात एखादा मुलगा स्वतःशीच बोलतो, एखादी मुलगी गोंगाटाने कानांवर हात ठेवते, की लगेच एक नाव चिकटते. घरात कुणाचे औषध चालू असले तर ते पाहुण्यांपासून लपवले जाते, मुलीच्या लग्नाच्या काळजीने. आमच्याही घरांत हे झाले आहे. लपवता लपवता उपचार लांबतात आणि त्रास वाढतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. पण कायद्याने शेजारी चांगले होत नाहीत.

तुमच्यापैकी कुणाला मन फार जड वाटत असेल तर घरच्यांना किंवा कोणत्याही शिक्षकांना सांगा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, त्यावर पैसे न पडता बोलता येते. आणि मित्र आजारी असेल तर रूलँसारखे त्याला भेटायला जा. अर्जावर सही करायला तीस माणसे सहज मिळतात. आपल्या शाळेत भेटायला जाणारे अधिक निघावेत, एवढीच आमची इच्छा.