साखरेचा आजार आणि बाबासाहेबांची पुस्तके

बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत, हे जयंतीच्या प्रत्येक व्याख्यानात ऐकू येते. त्याच बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी रात्र-रात्र झोप लागत नसे, हे मात्र वक्ते एका वाक्यात उरकतात. चळवळीत साखरेच्या गोळ्या खिशात लपवून फिरणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

पुस्तके हा त्यांचा जीव. १९१७ मध्ये परदेशातून परतताना त्यांचे सामान असलेले जहाज पाणबुडीने बुडवले आणि जमवलेले ग्रंथ समुद्रात गेले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, ते माणसांइतकेच ग्रंथांसाठी. उतारवयात व्हायोलिनचाही नाद लागला. या माणसाला जगण्यातली गोडी कळत होती. तो काही विरक्त संन्यासी नव्हता.

मग शरीर एकेक गोष्ट काढून घेऊ लागले. मधुमेह, रक्तदाब, संधिवात आणि मज्जातंतूंचा दाह. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असतानाच दुखणे बळावले आणि उपचारांसाठी त्यांना मुंबईला यावे लागले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. त्याच आपल्या माईसाहेब. घरात आता डॉक्टरच होती. इन्सुलिन आले, पथ्य आले, जेवणाच्या वेळा आल्या. माईसाहेबांबद्दल आपल्याकडे बरेच कडवट बोलले गेले. रोज पथ्य सांभाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय येते, हे ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्याने आठवावे.

अन्न, झोप, चालणे यांवरचा हक्क त्यांनी हळूहळू सोडला. काम मात्र सोडले नाही. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी नेहरूंना पत्र लिहिले : डॉक्टर महिनाभर उपचारासाठी मागे लागले आहेत, पण त्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावे. बिल रखडले आणि २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. डॉक्टरांचे ऐकायला हवे होते का? मला वाटते, हवे होते. पण हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या बिलाची वाट पाहणाऱ्या स्त्रियांना जास्त आहे.

शेवटच्या वर्षांत नजरही क्षीण झाली. ज्याने आयुष्यभर डोळ्यांनी जग वाचले, त्याच्यासाठी हे सर्वांत अवघड सोडणे असणार. तरीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुढे सरकत राहिला. दिवसभर सरकारी नोकरी करून येणारे नानकचंद रत्तू २६, अलीपूर रोडच्या बंगल्यात टंकलेखन करीत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या व्यासपीठावर ते आले तेव्हा एका हातात काठी होती आणि दुसरा हात रत्तूंच्या खांद्यावर. समोर लाखोंचा जनसमुदाय. त्यांनी आधी स्वतः चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली, मग लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याच शरीराने त्यांनी प्रदीर्घ भाषण केले. नोव्हेंबरमध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद, मग सारनाथ, कुशीनारा आणि महिनाअखेरीस दिल्ली.

५ डिसेंबरच्या रात्री रत्तूंनी त्यांचे पाय चेपले. बाबासाहेब त्रिशरण गुणगुणत होते, रेडिओग्रामवरही तेच लागले होते. जेवायला जाताना कपाटांतली काही पुस्तके त्यांनी काढून घेतली आणि पलंगाजवळच्या टेबलावर ठेवायला सांगितली. थोडेसेच जेवले. मग ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे मागवून घेतली. रत्तू रात्री उशिरा सायकलवरून घरी गेले. सकाळी बाबासाहेब उठले नाहीत.