सर दोराबजी टाटा : देणगी आणि देणे

थोर दात्यांची चरित्रे आपण बहुधा त्यांच्या दानापासून वाचू लागतो. किती रक्कम दिली, कोणत्या वास्तूला नाव लागले, एवढे कळले की आपले समाधान होते. सर दोराबजी टाटांचे चरित्र मात्र मी दुसऱ्या टोकाकडून वाचायला घेतले. मी मुळशी तालुक्यातला. आमच्याकडे टाटा हे नाव मुलांच्या कानावर प्रथम पडते ते धरणामुळे. महाविद्यालयात आल्यावर समाजशास्त्राच्या तासाला तेच नाव निराळ्या संदर्भात ऐकले. समाजकार्याचे शिक्षण, कर्करोगावरील उपचार, विज्ञानातील मूलभूत संशोधन, जेथे पाहावे तेथे हे नाव होते. दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस उभा आहे हे समजल्यावर त्याच्याविषयी मिळेल ते वाचण्याची उत्सुकता लागली.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. जमशेटजी आणि हिराबाई यांचे ते थोरले चिरंजीव. मुंबईत शालेय शिक्षण झाल्यावर ते इंग्लंडला गेले व १८७७ मध्ये केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. अभ्यासापेक्षा खेळाच्या मैदानावर त्यांचे मन अधिक रमे. दोन वर्षांनी ते परत आले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून १८८२ साली पदवीधर झाले. श्रीमंत बापाचा हा मुलगा लगेच पेढीवर बसला नाही. सुमारे दोन वर्षे त्याने मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात बातमीदारी केली. १८८४ पासून मात्र ते वडिलांच्या कापड व्यवसायात शिरले आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामाचे धडे घेऊ लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला. मेहेरबाईंचे वडील म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. मेहेरबाई उत्तम टेनिस खेळत आणि तेही साडी नेसून. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी त्यांचे नाव दिले गेले होते. स्त्रीशिक्षण आणि बालविवाहबंदी हे त्यांच्या जिव्हाळ्याचे विषय होते. या दांपत्याला मूलबाळ झाले नाही.

१९०४ मध्ये जमशेटजी जर्मनीत निवर्तले. पोलाद कारखाना, विज्ञानसंस्था आणि जलविद्युत ही त्यांची तीन मोठी स्वप्ने तेव्हा कागदावरच होती. ती उतरवण्याचे काम दोराबजींवर आले. लोहखनिजाच्या शोधात ते स्वतः भूगर्भशास्त्रज्ञांबरोबर चांदा जिल्ह्याच्या रानात बैलगाडीने हिंडले. १९०७ मध्ये पोलाद कंपनी स्थापन झाली, १९०९ मध्ये बंगळूरची विज्ञानसंस्था अस्तित्वात आली, १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांतले पाणी खोपोलीला उतरवून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९१० साली सरकारने त्यांना सर ही पदवी दिली होती.

सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस अडवायचा आणि तो पूर्वेकडे वाहू न देता पश्चिमेला कोकणात खाली सोडायचा, ही या योजनांमागची युक्ती. लोणावळ्यानंतर आंध्रा खोरे झाले. १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी निघाली आणि तिची नजर नीला व मुळा या नद्यांच्या संगमावर, म्हणजे मुळशीवर पडली. येथे पाणी अडवून ते सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडायचे होते. या कामी मुळशी पेट्यातील पन्नासच्या आसपास गावे आणि सुमारे दहा-अकरा हजार माणसे उठणार होती. आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे पाण्याखाली जाणार होती.

पुढे जे घडले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. काही महिन्यांनी ते पुन्हा सुरू झाले. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या पाठीशी उभा केला. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती हे नाव या लढ्यातच मिळाले. स्त्रियाही तुरुंगात गेल्या. पण कुळे आणि सावकार यांचे हित एक नव्हते. पुण्यातल्या अनेक जमीनमालकांना रोख मोबदला हवा होता, कसणाऱ्याला जमीन हवी होती. ही फूट लढ्याला बाधली. १९२४ अखेर सत्याग्रह संपला. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ते १९३१ मध्ये सुटले. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले होते. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर पुढे सविस्तर ग्रंथ लिहिला. धरणाविरुद्धचा हा जगातला पहिला लढा असे त्यांचे मत होते.

या सर्व काळात टाटा घराण्याचे प्रमुख दोराबजीच होते. म्हणूनच त्याच वर्षांतली दुसरी एक हकीकत वाचताना मी थबकलो. ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तेथील शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले त्यांनी पाहिली आणि ही पोरे जगाच्या मैदानावर का उतरू नयेत, हा विचार त्यांच्या मनात आला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला चार धावपटू व दोन मल्ल गेले ते प्रामुख्याने त्यांच्या पुढाकाराने आणि पैशाने. पुढे भारतीय ऑलिंपिक संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच झाले. पुण्याच्या मैदानावर शेतकऱ्याच्या पोराचे अनवाणी पाय त्यांना दिसले. तेथून पंधरा-वीस कोसांवर तसेच पाय धरणाच्या पायाशी येऊन बसले होते, तेथवर मात्र ती दृष्टी पोचली नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण वगळताही येत नाही.

दोराबजी पैशाला चिकटून राहणारे नव्हते, याचा दाखला १९२४ मध्ये मिळाला. महायुद्धानंतरच्या मंदीत पोलाद कंपनी बुडू लागली. कामगारांचे पगार कसे द्यायचे हा प्रश्न पडला. तेव्हा दोराबजींनी आपली सुमारे एक कोटीची खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिराही त्यात होता. कंपनी तगली.

१९३१ च्या जूनमध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी त्या रोगाच्या संशोधनासाठी दोराबजींनी लेडी टाटा स्मारक निधी उभारला. त्याआधी ११ मार्च १९३२ रोजी त्यांनी आपली सर्व संपत्ती एका विश्वस्तनिधीला लिहून दिली होती. समभाग, जमीनजुमला, जडजवाहीर, अगदी मोत्याची टायपिनसुद्धा त्यात आली. तिची किंमत त्या वेळी सुमारे एक कोटी रुपये धरली गेली. त्यानंतर ते युरोपला निघाले आणि ३ जून १९३२ रोजी जर्मनीत, वडिलांप्रमाणेच परक्या भूमीवर, त्यांचे निधन झाले. इंग्लंडमध्ये पत्नीशेजारी त्यांचे दफन झाले.

या दानाचे वेगळेपण रकमेपेक्षा रीतीत आहे. आपल्याकडे दान म्हणजे धर्मशाळा, अन्नछत्र, ज्ञातीचे वसतिगृह. दोराबजींच्या विश्वस्तपत्राने स्थळ, राष्ट्र आणि धर्म यांचा भेद ठेवला नाही. विद्या, संशोधन आणि दुःखनिवारण ही उद्दिष्टे सांगून बाकीचे विश्वस्तांच्या विवेकावर सोडले. मूळ ठेव राखायची, तिच्या उत्पन्नातून अनुदाने द्यायची, अर्ज तपासायचे, मुदत ठरवायची, हिशेब मागायचा, ही पद्धत त्यातून रुळली. त्या पैशातून १९३६ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९४१ मध्ये परळला कर्करोग रुग्णालय उघडले. १९४५ मध्ये मेहेरबाईंचे भाचे होमी भाभा यांच्या पुढाकाराने मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. शिवाय असंख्य शाळांना व सेवाभावी संस्थांना अनुदाने मिळाली, आजही मिळतात.

हा पैसा येतो कोठून? टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारे दोन तृतीयांश भाग टाटांच्या निरनिराळ्या विश्वस्तनिधींकडे आहेत, आणि त्यांत दोराबजींच्या निधीचा वाटा सर्वांत मोठा. टाटा सन्सकडे वीज कंपनीचेही भाग आहेत. म्हणजे मुळशीचे पाणी भिऱ्याला पडते, त्याची वीज होते, विजेचा नफा होतो, नफ्याचा लाभांश होतो, आणि त्यातला थेंबभर अंश कोठेतरी एखाद्या शाळेच्या फळ्यावर, रुग्णाच्या खाटेवर पोचतो. ज्यांची खाचरे बुडाली त्यांनीही या दानात न विचारता भर घातली आहे, असे म्हटले तर चूक ठरू नये.

दोराबजींच्या दानातून उभ्या राहिलेल्या सामाजिक विज्ञान संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस सरदार सरोवरात बुडणाऱ्या महाराष्ट्रातील गावांच्या पुनर्वसनाची पाहणी केली. मुळशीत जो प्रश्न त्यांच्या कंपनीने विचारला नाही, तो त्यांच्या पैशाने शिकवणाऱ्या संस्थेने नर्मदाकाठी विचारला. दाता आपल्या दानाला मर्यादा घालत नाही तेव्हा ते दान त्याच्याही पुढे जाते. दोराबजींचे मोठेपण मला येथे सर्वांत अधिक जाणवते.

तरीही देणगी आणि देणे यांत फरक आहे. देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर असते, देणे घेणाऱ्याच्या हक्काचे असते. एकाने दुसरे फिटत नाही. कायद्यालाही हे उशिरा उमगले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पुनर्वसन हा विस्थापिताचा हक्क ठरवला. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चायला सांगितले आणि जेथे कंपनी काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावे असेही म्हटले. हिंजवडी आमच्याच तालुक्यात असल्याने असा पैसा आता आमच्या शाळांपर्यंतही येतो. माझ्या गावच्या शाळेत एका कंपनीने दिलेले पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे. मुले त्याचे पाणी पितात, ही चांगलीच गोष्ट आहे.

आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होतील, संस्था काढतील, गावासाठी अनुदानाचे अर्ज लिहितील. त्यांनी दोराबजींची रीत जरूर गिरवावी. काम नेटके मांडावे, पैशाचा हिशेब चोख द्यावा, जातिधर्म पाहू नये. आणि अर्जावर सही करण्यापूर्वी एवढे तपासावे, की आपण मागतो आहोत ती मदतच आहे, की गावाचे जुने येणे आपण मदत म्हणून मागत आहोत. ते येणे असेल, तर त्याची मागणी वेगळ्या कागदावर आणि वेगळ्या शब्दांत लिहावी लागेल.