चौथ्या भिंतीवरचा माणूस

जुन्या, फारशा कोणाच्या लक्षात न राहिलेल्या अमेरिकन टेलिफिल्म बघण्याचा मला नाद आहे. रंग विटलेले, आवाज खरखरीत, आणि ऐन रंगात आल्यावर जाहिरातींसाठी तुटलेली गोष्ट! थिएटरवाल्यांनी त्यांना सिनेमा मानले नाही आणि टीकाकारांनी क्वचितच विचारले. या आडवाटेवर मला वारंवार भेटतो तो रॉड सर्लिंग. ‘द ट्वायलाइट झोन’ने त्याला जगभर नाव दिले हे खरेच. पण त्याची घालमेल मला अधिक दिसते ती त्याच्या टेलिफिल्ममध्ये.

जन्म २५ डिसेंबर १९२४चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा. बालपण बिंगहॅम्टन या छोट्या गावात. दुसऱ्या महायुद्धात तो छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपाइन्समध्ये लढला, जखमी झाला आणि परतला तो भयस्वप्ने घेऊनच. लेखनाकडे वळण्याचे एक कारण तेच असावे. १९५५च्या ‘पॅटर्न्स’ने त्याला एका रात्रीत प्रसिद्धी दिली. नाटक थेट प्रसारित होत असे, त्यामुळे लोकांच्या आग्रहाखातर महिन्याभरात नटांना ते पुन्हा उभे करावे लागले. पुढच्या वर्षी ‘रिक्विम फॉर अ हेवीवेट’ आले आणि त्याचे स्थान पक्के झाले.

त्याचे खरे भांडण होते प्रायोजकांशी. एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या १९५५मधील हत्येवरून त्याने नाटक लिहिले, तेव्हा दक्षिणेकडचे गिऱ्हाईक दुखावेल या धास्तीने कथेतला बळी बदलला, प्रदेश बदलला, दंश काढून घेतला. मंगळावरच्या माणसाच्या तोंडी घातले तर तेच चालते, हे ओळखून १९५९मध्ये त्याने ‘ट्वायलाइट झोन’ काढली. १५६ भागांपैकी ९२ त्याने स्वतः लिहिले. एवढा घाणा ओढून माणूस दमणारच.

१९६४च्या नाताळात आलेली ‘कॅरोल फॉर अनदर ख्रिसमस’ मात्र त्याने आडपडदा न ठेवता लिहिली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या कार्याचा प्रसार हा हेतू, त्यामुळे मध्ये जाहिराती नाहीत. डिकन्सच्या कंजूष म्हाताऱ्याच्या जागी जगाशी संबंधच नको म्हणणारा अमेरिकन धनिक आहे. फिल्म उपदेशाच्या ओझ्याने वाकते, हे मान्य. पण अणुयुद्धानंतरच्या भग्न सभागृहात, प्रत्येकाने फक्त स्वतःपुरते पाहावे असे जमावाला पटवणारा पीटर सेलर्स पाहून आजही अंगावर काटा येतो.

१३ डिसेंबर १९६६ला ‘द डूम्सडे फ्लाइट’ दाखवली गेली. विमान ठरावीक उंचीच्या खाली आले की फुटणारा बॉम्ब, आणि खंडणी मागणारा फोन. सुटकेची युक्ती अशी की विमान उतरवायचे ते त्या उंचीच्याही वर वसलेल्या डेन्व्हरला! रहस्यपट म्हणून उत्तम. पण लगेच विमान कंपन्यांना तसेच फोन येऊ लागले. मे १९७१मध्ये सिडनीहून हाँगकाँगला निघालेल्या क्वांटासच्या विमानाबाबत हीच क्लृप्ती वापरून पाच लाख डॉलर उकळण्यात आले. बॉम्ब नव्हताच. प्रायोजकांच्या कात्रीविरुद्ध आयुष्यभर झगडलेल्या या लेखकाने, ही गोष्ट आपण लिहायलाच नको होती, अशी खंत जाहीरपणे व्यक्त केली. मला तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड क्षण वाटतो. त्या वर्षी अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने ही फिल्म पुन्हा दाखवू नये, अशी विनंती वाहिन्यांना केली.

८ नोव्हेंबर १९६९च्या ‘नाइट गॅलरी’त तीन कथा आहेत. काही तासांच्या दृष्टीसाठी एका गरजू माणसाचे डोळे विकत घेणारी आंधळी श्रीमंत बाई जोन क्रॉफर्डने केली. दिग्दर्शक होता बावीस वर्षांचा, तेव्हा अनोळखी स्टीव्हन स्पिलबर्ग. सगळे लक्ष तिकडेच जाते. मला मात्र तिसरी कथा आवडते. दक्षिण अमेरिकेत दडलेला नाझी गुन्हेगार संग्रहालयातल्या शांत तळ्याच्या चित्रात शिरू पाहतो आणि भलत्याच चित्रात अडकतो. युद्ध पाहिलेल्या ज्यू घरातल्या मुलानेच ती लिहावी!

तिच्यावरून निघालेल्या मालिकेत सर्लिंगचा चेहरा होता, अधिकार नव्हता. सिगारेटी सुटल्या नाहीत. २८ जून १९७५ला, हृदयशस्त्रक्रियेनंतर, पन्नासाव्या वर्षी तो गेला. नाताळची ती फिल्म एकदाच दाखवून कपाटात गेली होती. ती पुन्हा छोट्या पडद्यावर आली ती २०१२च्या डिसेंबरात.