पॉल एर्लिख: मेंदूची फायरवॉल दिसली, पण ओळखता आली नाही

अल्झायमर किंवा ब्रेन ट्यूमरच्या औषधाची बातमी उघडा, ‘ब्लड-ब्रेन बॅरियर’ हा शब्द बहुतेक वेळा सापडतोच. रक्त आणि मेंदू यांच्यामधली ही फायरवॉल. ती ज्यांच्या प्रयोगात पहिल्यांदा दिसली, ते जर्मन डॉक्टर म्हणजे पॉल एर्लिख.

जन्म १८५४ चा, स्ट्रेलेन गावचा (आज हे गाव पोलंडमध्ये आहे). कॉलेजपासूनच त्यांना रंगांचं वेड. कापड रंगवायचे नवे केमिकल रंग ते पेशींवर टाकून बघायचे. कुठला रंग कुठे चिकटतो, एवढाच प्रश्न. १८८५ मध्ये बर्लिनला त्यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तर जवळजवळ सगळे अवयव रंगले आणि मेंदू मात्र कोराच! एर्लिख यांनी अर्थ लावला की मेंदू हा रंग धरूनच ठेवत नाही. म्हणजे एरर बरोबर दिसली, निदान चुकलं. पुढे १९१३ मध्ये त्यांच्याच शिष्याने, एडविन गोल्डमनने, रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. मेंदूला रंगाचं वावडं नव्हतं, मध्ये भिंत होती.

या भिंतीचा खरा फटका त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या औषधाला बसला. रंग जर नेमक्या पेशीला चिकटतो, तर विषही फक्त जंतूलाच का चिकटू नये? हीच त्यांची ‘मॅजिक बुलेट’. १९०८ चं नोबेल त्यांना इम्युनिटीवरच्या कामासाठी मिळालं, पण ते थांबले नाहीत. १९०९ मध्ये जपानहून आलेले साहाचिरो हाता फ्रँकफर्टच्या लॅबमध्ये आर्सेनिकची एकेक संयुगं सिफिलिस झालेल्या सशांवर तपासत होते. आधी नापास ठरलेलं ६०६ नंबरचं चाललं! १९१० मध्ये ते ‘साल्व्हरसान’ नावाने बाजारात आलं.

पण सिफिलिस मेंदूत शिरला की पेशंटला वेड लागायचं, लकवा व्हायचा, आणि शिरेतून दिलेलं साल्व्हरसान तिथे फारसं पोचतच नव्हतं. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्विफ्ट आणि एलिस या डॉक्टरांनी जुगाड केला: औषध दिलेल्या पेशंटचंच रक्त काढायचं, त्यातलं सीरम वेगळं करून थेट पाठीच्या मणक्यात टोचायचं. भिंत फोडता येत नाही, तर वळसा घालायचा. १९१५ मध्ये एर्लिख वारले तेव्हाही मेंदूतल्या सिफिलिसवर धड उपाय नव्हता.

गंमत म्हणजे आजची एक वाट त्यांच्याच कल्पनेवर उभी आहे. पेशींवर ठराविक रिसेप्टर असतात, हे त्यांनीच मांडलं होतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर लोह आत घेणारा असाच एक रिसेप्टर आहे. औषधाला त्याला चिकटणारी अँटीबॉडी जोडली की लोहाच्या गेटपासवर औषधही आत जातं. हंटर सिंड्रोमवरच्या अशा औषधाला २०२१ मध्ये मान्यता मिळाली, तीही हातांच्या जपानमध्ये.