रहीमसाहेब : मैदानावरचे शाळामास्तर

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोलकात्याची मैदाने उभी राहतात, फार तर गोवा आठवतो. मराठवाड्याच्या वाचकाला हा खेळ दूरचाच वाटतो. चाकूर, अहमदपूर, उदगीर या पट्ट्यात पोरे वाढतात ती कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेटवर. पण हा सारा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच्या राजधानीतल्या एका शाळामास्तरांनी परक्या भूमीवर भारतीय फुटबॉलचे नाव जेवढे उंचावले, तेवढे त्यांच्या आधी कोणी उंचावले नव्हते आणि नंतरही कोणाला ते जमलेले नाही. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. खेळाडू त्यांना रहीमसाहेब म्हणत.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उर्दूतून उच्च शिक्षण देणाऱ्या उस्मानिया विद्यापीठात ते शिकले आणि विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले. पुढे शहरातल्या क्लबांकडूनही ते खेळत राहिले. पोटापाण्यासाठी मात्र त्यांनी मास्तरकी पत्करली. काचीगुड्याची शाळा, दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांतून त्यांनी शिकवले आणि शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. १९४३ मध्ये हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे आले, ते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. त्यांच्या पुढच्या साऱ्या यशाचे मूळ या मास्तरकीत आहे. खेळ शिकवता येतो, आणि तो लहानपणीच शिकवावा लागतो, हे त्यांना शाळेने शिकवले.

१९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाती आला. त्या काळी आपल्याकडे चेंडू पायाशी घोळवत एकट्याने पुढे घुसणारा खेळाडू मोठा मानला जाई. प्रेक्षक टाळ्याही त्यालाच देत. रहीमसाहेबांनी हे उलटे केले. चेंडू आला की एका स्पर्शात तो सोबत्याकडे द्यायचा आणि आपण मोकळ्या जागेत धावायचे, असा त्यांचा दंडक होता. अंगापिंडाने हलक्या असलेल्या आपल्या खेळाडूंनी दणकट प्रतिस्पर्ध्याशी धक्काबुक्कीत का पडावे? तो अंगावर येण्याआधीच चेंडू निघून गेलेला असावा. हे अंगवळणी पडावे म्हणून त्यांनी चेंडू घोळवण्यास बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. ज्याचा जो पाय कच्चा, त्याच पायाने खेळायचे, असेही सामने घेतले. कच्च्या विषयाचा जादा तास घेणाऱ्या मास्तरांचीच ही रीत होती.

तिचे फळ मुंबईकरांनी कूपरेजच्या मैदानावर पाहिले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी रोव्हर्स करंडक नेला. १९५० मध्ये ड्युरंड करंडकही त्यांनी जिंकला. पुढे १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे हैदराबादने संतोष करंडक मिळवला. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरली ती मुंबई.

राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत मेवालालच्या गोलावर इराणला १-० असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले. परदेशातली पहिली परीक्षा मात्र कडू ठरली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. त्या थंडीत आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. याच ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. मधला आघाडीवीर मागे ओढून घेण्याची या संघाची युक्ती पुढे जगभर गाजली. रहीमसाहेबांनी हे नवे वारे ओळखले. चार बचावात, दोन मधल्या फळीत आणि चार आघाडीवर, ही मांडणी १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलमुळे सर्वतोमुखी झाली. तिचे धडे भारतीय खेळाडूंना मिळाले ते रहीमसाहेबांकडून.

मग १९५६ चे मेलबर्न आले. सोव्हिएत फौजा बुडापेस्टमध्ये घुसल्यानंतर हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेत उतरलाच नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. बरोबर एक महिन्यापूर्वी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता. नकाशावरून राज्य पुसले गेले, पण त्याचे नूर महंमद, अझीझुद्दीन, अहमद हुसेन, बलराम हे खेळाडू भारताच्या संघात होते. मूळ गोव्याच्या, मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये आशियाई खेळाडूने केलेली ती पहिली हॅट्ट्रिक. ४-२ अशा विजयाने भारत उपांत्य फेरीत पोचला. तेथवर जाणारा तो पहिला आशियाई संघ होता. पुढे गाठ युगोस्लाव्हियाशीच होती. उत्तरार्धात डिसोझाच्या गोलाने भारताने आघाडीही घेतली, पण अखेर सामना १-४ असा गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० ने हरवले. पदक हुकले खरे, पण चार वर्षांत तोच मास्तर त्याच प्रतिस्पर्ध्यापुढे केवढा वेगळा संघ घेऊन उभा राहिला!

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने हंगेरीला १-२ असे झुंजवले आणि फ्रान्सला १-१ असे रोखले. त्यानंतर ऑलिंपिक फुटबॉलच्या मुख्य स्पर्धेत भारत आजवर दिसलेला नाही.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या वेळी रहीमसाहेबांना फुप्फुसाच्या कर्करोगाने गाठले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. त्यात इस्रायल आणि तैवान यांना यजमानांनी वगळले म्हणून भारतीय क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि सारे जकार्ता भारतावर खवळले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. अशा वातावरणात चुनी गोस्वामीच्या संघाने थायलंड आणि जपानला हरवले. बचावातला जर्नेलसिंग डोक्याला टाके पडलेले असतानाही खेळायला तयार होता. रहीमसाहेबांनी त्याला उपांत्य सामन्यात आघाडीवर धाडले आणि दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला. भारत ३-२ ने जिंकला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर होता आणि सुमारे लाखभर प्रेक्षक भारताची हुर्यो उडवत होते. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी पहिल्या वीस मिनिटांतच दोन गोल चढवले. कोरियाला अखेरीस एकच गोल फेडता आला. गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको मधल्या फळीत आणि मुंबईत खेळणारा चंद्रशेखर बचावात या विजयाचे भागीदार होते.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब गेले. वय अवघे त्रेपन्न. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये. त्यांच्यावरचा ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये आला, तेव्हा कुठे नव्या पिढीला हे नाव कळले. आशियाई स्पर्धेत भारताला १९७० मध्ये फुटबॉलचे कांस्य मिळाले. सुवर्ण मात्र जकार्तानंतर पुन्हा मिळाले नाही.

याचे खापर एका माणसाच्या मृत्यूवर फोडणे सोपे आहे. पण रहीमसाहेबांनी केवळ अकरा जणांचा संघ घडवला नव्हता. शाळा, गल्लीतले क्लब, पोलीस संघ आणि राष्ट्रीय संघ अशी चढती शिडी त्यांनी हैदराबादेत उभी केली होती आणि तिच्या प्रत्येक पायरीवर ते स्वतः उभे होते. ते गेल्यावर त्या पायऱ्यांवर तितक्याच निष्ठेने उभी राहणारी माणसे आपण नेमली नाहीत. आपण मोठे सामने भरवले, परदेशी प्रशिक्षक आणले. शाळेचे मैदान आणि तिथला मास्तर मात्र दुर्लक्षितच राहिला. चाकूरच्या शाळेत आज एखादा पोर दोन्ही पायांनी सारखाच चेंडू मारत असेल, तर ते ओळखणारा कोणी तिथे हवा. त्या पोराला पहिला प्रशिक्षक मिळेल तो खेळाच्या तासाचा मास्तरच. त्या तासाला गणिताचे राहिलेले धडे उरकले जात असतील, तर जकार्ताच्या सुवर्णपदकाच्या आठवणी काढून काय उपयोग?